एक अक्षर, एक टिंब

धुळ्याला मी जो प्रोग्राम लिहिला तो चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. त्या प्रोग्रामाने तापीकाठच्या एका मुलीची नोकरी घालवली, आणि हे ऐकलं की लोकांना वाटतं, हिने काहीतरी ढिसाळ काम करून ठेवलं असणार. ढिसाळ केलं असतं तर बरं झालं असतं. ढिसाळ प्रोग्राम दुसऱ्या दिवशी बंद पडतो, चार माणसं शिव्या घालतात आणि कागद शाबूत राहतात. माझा प्रोग्राम दीड वर्षात एकदाही बंद पडला नाही.

काम शाळांच्या जुन्या रजिस्टरांचं होतं. गावच्या प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टर असतं. मूल शाळेत आलं की त्याची एक ओळ लिहायची: नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, कधी आलं, कधी गेलं आणि का गेलं. शेवटच्या रकान्यात बहुतेकांपुढे ‘गैरहजर’ एवढंच असायचं. स्वातंत्र्याच्या आधीपासूनची ही रजिस्टरं स्कॅन करून, पानं नीट कापून, नावांची यादी जोडून शाळेला सीडीवर द्यायची, असा ठेका एकाने घेतला होता. त्याला आम्ही भाऊ म्हणायचो. देवपुरात त्याचा एक गाळा होता, खाली फ्लेक्सचं दुकान आणि वर आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि अक्का. अक्का पन्नाशीच्या, पूर्वी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायच्या. टाइपरायटर गेले तशा त्या आमच्याकडे आल्या आणि आल्यापासून कीबोर्डला मशीन म्हणत राहिल्या.

मी मूळची एरंडोलची, जळगावला कम्प्युटरचं शिकलेली. भाऊचे कम्प्युटर इतके जुने होते की नवं सॉफ्टवेअर त्यांच्यावर चढेना. मग मी एक फुकट मिळणारी स्क्रिप्टिंगची भाषा घेतली. तिच्याबरोबर खिडक्या आणि बटणं काढायचं एक टूलकिट येतं आणि ते कुठल्याही डबड्यावर चालतं. या टूलकिटमध्ये कुठल्याही चित्राला ‘फोटो’च म्हणतात. गंमत अशी की इतकं फोटो फोटो करणाऱ्या या टूलकिटबाईला स्कॅनरमधून आलेला साधा फोटो वाचता येत नव्हता. जेपीजी फाइल पुढे केली की ती सरळ म्हणायची, ओळखत नाही. तिला ओळख करून द्यायला वेगळं पॅकेज जोडावं लागायचं, आणि ते जोडताना मी चार दिवस डोकं आपटलं. पाचव्या दिवशी पडद्यावर शिरपूर तालुक्यातल्या कुठल्याशा शाळेचं एक पिवळं पान उघडलं, अक्षर न् अक्षर स्वच्छ. त्या दिवशी मी आणि अक्कांनी शेवभाजी मागवली होती. इतका आनंद मला नंतर कशाचाच झाला नाही, लग्नाचासुद्धा नाही.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. लोकांना वाटतं की फाइल लहान करणं म्हणजे लुगड्याची घडी घालणं. उलगडली की लुगडं जसंच्या तसं. काही फाइलींचं तसं असतं, जेपीजीचं नाही. ती उसाच्या चरकासारखी आहे. पान लिहिताना ती आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातलं जे डोळ्याला फारसं जाणवणार नाही ते टाकून देते. किती टाकायचं ते आपण एका आकड्याने सांगायचं. शंभराच्या जवळचा आकडा दिला तर थोडं जातं, खाली खाली गेलं की जास्त. एकदा गेलेलं परत येत नाही. पुन्हा वाचलं की उरलेलंच वाचलं जातं आणि पुन्हा लिहिलं की उरलेल्यातलं आणखी जातं.

हे मला माहीत होतं. पुस्तकातली माहिती होती, परीक्षेत लिहिलीही होती.

प्रोग्राममध्ये काम असं चालायचं: अक्का पान उघडायच्या, वाकडं असेल तर सरळ करायच्या, कडा कापायच्या, नाव टाइप करायच्या आणि पुढे जायच्या. सगळं सुरळीत होतं, पण धुळ्यात वीज होती कुठे? दिवसातून दोनदा-तीनदा जायची आणि भाऊच्या इन्व्हर्टरची बॅटरी कधीच मेलेली. एकदा अक्कांची दुपारपर्यंतची सगळी मेहनत गेली. आठ दिवसांनी पुन्हा गेली. दुसऱ्या खेपेला त्या रडल्या. आमच्याकडे कम्प्युटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगितलेली असते, सेव्ह करत जा, लाईट जाईल. पत्र लिहा नाहीतर लग्नपत्रिका, दोन ओळी झाल्या की सेव्ह. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं आमचं अख्ख्या जिल्ह्याचं झालेलं. भाऊ म्हणाला, असं काहीतरी कर की प्रत्येक क्लिकला आपोआप सेव्ह झालं पाहिजे.

मी केलं. एका दुपारीत केलं. पान अर्धा अंश फिरवलं की फाइल लिहायची, कड कापली की लिहायची. जे लिहिलं तेच पुन्हा वाचून पडद्यावर आणायचं, म्हणजे पडद्यावर आहे तेच डिस्कवर आहे याची खात्री. फाइलचं नाव तेच, जुन्यावर नवी. पानाची फाइल मोठी होऊन चालणार नव्हतं म्हणून आकडा चाळीस ठेवला. स्कॅनरमधून आलेली मूळ फाइल प्रोग्राममध्ये घेतली की पुसून टाकायची, कारण डिस्क भरत होती. अक्कांचा आपोआप सेव्हवर विश्वास बसेना, म्हणून त्यांच्यासाठी एक मोठं हिरवं बटणही दिलं. त्या ते तीनदा दाबायच्या. देवळातून निघताना घंटा वाजवतात तसं, पान संपलं की टक, टक, टक.

नुसतं उघडून आहे तसं पुन्हा ठेवलं तर जेपीजीचं फार बिघडत नाही. पण पान किंचित फिरवलं की चौकोन नव्या जागी पडतात आणि चरक पुन्हा सुरू होतो. अक्का तर पानाच्या बाबतीत फार काटेकोर. अर्धा अंश इकडे, अर्धा अंश तिकडे, रांगोळीच्या रेषेसारखी ओळ सरळ होईपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. एका पानाला दहा-दहा, बारा-बारा क्लिक. मी मागे उभी राहून बघायची आणि मनात म्हणायची, काय बाई आहे, किती जीव ओतते. त्या वेळी आमच्या दोघींच्या मायेने ती पानं मरत होती.

कुणाच्या लक्षात कसं आलं नाही असं आता सगळे विचारतात. पडद्यावर अख्खं पान लहान दिसतं. ठसठशीत शाई, मोठं अक्षर, ते कितीही पिळलं तरी तग धरतं. भाऊने दहा पानं उघडून बघितली, मान डोलावली आणि सीड्या शाळांना गेल्या. जातीचा रकाना यादीत घ्यायचा का, असं मी एकदा विचारलं होतं. भाऊ म्हणाला, हातच्या कांकणाला आरसा कशाला, पानावर दिसतेच की.

त्यानंतर मी धुळे सोडलं, लग्न होऊन जळगावला आले आणि एका कॉलेजच्या लॅबमध्ये लागले. बरीच वर्षं गेली. एक दिवस दुपारी लॅबच्या दारात पासष्टीचे एक गृहस्थ उभे राहिले. डोक्यावर टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाइल. शिरपूर तालुक्यातल्या गावातून निघाले होते, धुळ्याला उतरून देवपुरात विचारत विचारत अक्कांचं घर शोधलं होतं आणि अक्कांनी माझा पत्ता दिला होता. मी त्यांना आबा म्हणाले. त्यांनी पाणी घेतलं, टोपी मांडीवर ठेवली आणि पिशवीतून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे सरकवली.

“ताई, आठे काय लिखेल शे ते वाची दे,” ते म्हणाले. “माले दिखत नही आसं नही. मना डोया चांगला शेतस.”

ते पान आमचंच होतं. खालच्या कोपऱ्यात प्रोग्राम जो क्रमांक टाकायचा तो होता. मधल्या एका ओळीवर पेन्सिलीने खूण केलेली. आबांच्या वडिलांचं नाव, त्यांच्या आजोबांचं नाव आणि जातीच्या रकान्यात ‘हिंदू’, मग एक करडा धब्बा, मग ‘कोळी’.

सगळी गोष्ट त्यांनी शांतपणे सांगितली. त्यांची जमात टोकरे कोळी. ही अनुसूचित जमात आहे. नुसतं कोळी म्हणजे वेगळं, ते त्या यादीत नाहीत. मुलगी नर्स झाली, जमातीच्या राखीव जागेवर तिची निवड झाली, ती एका ग्रामीण रुग्णालयात रुजूही झाली. पण पडताळणी समितीचं प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत दिलं नाही तर नोकरी जाणार. मुदत एकदा वाढवून मिळाली होती. घरातले बाकीचे सगळे कागद ‘कोळी’ म्हणत होते, कारण लिहिणाऱ्याला टोकरे लिहायचा कंटाळा. वडिलांच्या शाळेतल्या गुरुजींनी मात्र लिहिलं होतं, तेही आखडून, ‘टो.’ असं. एक अक्षर आणि एक टिंब. आबा गावच्या शाळा समितीवर होते तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा उतारा घ्यायची गरज कुणाला वाटली नाही.

मी विचारलं, मूळ रजिस्टर? स्कॅन झाल्यावर शाळेने रजिस्टरं पोत्यात भरून मागच्या खोलीत ठेवली होती. आता कम्प्युटरमध्ये आहेत, म्हणून कुणी पोतं उघडलं नाही. उघडलं तेव्हा वाळवीने माती केलेली.

मी सीडीवरची फाइल मागितली, त्यांनी तीही आणली होती. पडद्यावर ती जागा मोठी केली. जिथे अक्षर असायला हवं तिथे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन, एक फिकट, एक गडद, एक मधलाच. त्या गुरुजींची शाई पाणी घातलेली असावी, आणि ‘टो.’ बारीक, रकान्याच्या रेषेला खेटून लिहिलेलं. दहा-बारा वेळा पिळल्यावर त्यातलं काहीच राहिलं नव्हतं. हे काय झालंय ते मला बघताक्षणी कळलं आणि मी आबांना सांगितलं नाही. बघते म्हणाले. चार दिवस द्या म्हणाले. ते गेल्यावर लॅबच्या मुलींना मी सुट्टी दिली आणि एकटी बसले. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

रविवारी धुळ्याला गेले. भाऊचा तो धंदा कधीच बंद झाला होता, आता तो सोलरच्या पाट्या बसवून देतो. माणूस वाईट नाही. माळ्यावरून त्याने जुनी हार्ड डिस्क शोधून काढली, कापडाने पुसून माझ्या हातात दिली आणि सगळं ऐकल्यावर फक्त म्हणाला की तेव्हा आपण चांगलंच करत होतो ना. अक्कांकडे गेले. त्या आता फारशा हिंडत नाहीत. त्यांनी विचारलं, त्या माणसाचं काम झालं का. मी बघते आहे, एवढंच म्हणाले. त्यांच्या हिरव्या बटणाबद्दल मी त्यांना कधीच सांगितलं नाही. तेवढी एकच बरी गोष्ट या सगळ्यात माझ्या हातून झाली.

डिस्क चालू झाली. त्यात शेवटची पानं होती, सीडीवर होती तीच. मूळ स्कॅनचा फोल्डर रिकामा. माझा प्रोग्रामही तिथे होता आणि मूळ फाइल पुसायच्या ओळीवर मी स्वतःसाठी इंग्रजी अक्षरांत मराठी टिपण लिहून ठेवलं होतं: ‘जागा लागते’. पुसलेल्या फाइली परत आणायची जी काही हत्यारं असतात ती सगळी लावून बघितली. त्या जागेवर नंतर इतक्या वेळा नवी पानं लिहिली गेली होती की खाली काही उरलंच नव्हतं. तेही आमच्या सेव्हचंच पुण्य. अति तेथे माती म्हणतात, ती दोन्हीकडे झाली, शाळेच्या खोलीत आणि डिस्कवरही.

चौथ्या दिवशी आबा आले. मी त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. प्रोग्राम माझा, आकडा माझा, पुसायची ओळ माझी. ते रागावतील, ओरडतील, अशी मी तयारी केली होती. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना चरक कळला की नाही कोण जाणे, पण एक गोष्ट त्यांना बरोबर कळली, की जिने पुसलं तिलाच लिहिताही येत असणार.

“तुले येस ना?” ते म्हणाले. “मंग तूच लिखी टाक. एकच तं अक्षर शे.”

मला येत होतं, आणि किती सहज येत होतं. त्याच गुरुजींच्या हातचं, त्याच रजिस्टरातलं, पुढच्या पानावर दुसऱ्या एका मुलाचं ‘टो.’ शाबूत होतं. शाई तिथे दाट पडली होती. ते पान वाचायचं, तेवढा चौकोन उचलायचा, या पानावर ठेवायचा आणि लिहायचं. टूलकिटमध्ये त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे. मी घरची बोली बोलत वाढले, आबांशी तोवर तसंच बोलत होते. पण त्या क्षणी माझ्या तोंडात ऑफिसची मराठी आली. “आबा, मला ते करता येणार नाही,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं असेल, खरंच येत नसेल.

खरं सांगायचं तर ते गेल्यावर मी ते करून पाहिलं. भर दुपारी, लॅबमध्ये, दार उघडं ठेवून. अक्षर बसवलं, कड मिसळली, आकडा चाळीस ठेवून फाइल लिहिली. इतकं बेमालूम झालं की मलाच दचकायला झालं. वेगळं नाव देऊन ठेवून दिलं. पुसलं नाही. पुसायला हात धजला नाही की द्यावंसं वाटत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

दिलं नाही. त्याऐवजी मी सरळ मार्गाने गेले. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं की ही पानं माझ्या प्रोग्रामामुळे खराब झाली. समितीपुढे सुनावणीला आबांबरोबर गेले. मुलगीही होती. तिला मी पहिल्यांदाच पाहिलं. ड्युटीवरून थेट आलेली, डोळे सुजलेले, माझ्याकडे एकदाही न पाहिलेली. समितीतले साहेब सभ्य होते. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकलं, पान मोठं करून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. ज्या ओळींत नुसतं ‘हिंदू कोळी’ आहे तिथे मधली जागा कोरी आहे, आणि या ओळीत ती कोरी नाही, हेही दाखवलं. तिथे काहीतरी लिहिलेलं होतं, हे त्यांनी मान्य केलं.

मग त्यांनी विचारलं, काय लिहिलेलं होतं?

सगळे माझ्याकडे बघत होते. आबा तर असे बघत होते की उत्तर माझ्या तोंडातच आहे, फक्त बाहेर यायचं बाकी आहे. ‘टो.’ असू शकेल. एखाद्याने खोडलेलं अक्षर असू शकेल. शाईचा ओघळही असू शकेल. चौकोन काही सांगत नव्हते. मी म्हणाले, “सांगता येत नाही.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. मी इतकी वर्षं शिकले, शिकवलं, आणि जिथे एका घराला माझ्या एका शब्दाची गरज होती तिथे माझ्याकडे एवढंच होतं. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी वेगळं काही लिहू शकलं नसतं. दाव्याला पुरावा पुरेसा नाही, असा निकाल पोस्टाने गेला. मुदत संपताच मुलीला रुग्णालयातून कमी केल्याचं पत्र मिळालं. वकील म्हणाला वर दाद मागता येईल. पण वर तरी काय दाखवणार? तोच धब्बा.

त्यानंतर महिनाभराने आबा पुन्हा लॅबमध्ये आले. मला वाटलं अपिलाचं काही असेल. तसं नव्हतं. जळगावला कुणाच्या तरी उत्तरकार्याला आले होते, वेळ होता, म्हणून आले. मी चहा मागवला. चहा पिता पिता ते बोलले. मुलगी घरी आहे. कामाला हात लावते, बोलत नाही. एकदाच बोलली. तिने विचारलं होतं, तुम्ही ते खरंच पाहिलं होतं का? त्यावर आबांनी होय म्हटलं. पण आता त्यांना स्वतःलाच खात्री वाटेनाशी झाली होती. रात्रंदिवस तो धब्बा बघून बघून डोळे मिटले तरी धब्बाच येतो, म्हणाले. गुरुजींचं अक्षर आठवतच नाही. ते कसं होतं, वरची मात्रा कशी होती, टिंब कुठे होतं, काही नाही.

“एक डाव देखाड,” ते म्हणाले. “आठे नही तं दुसरा पानवर. मास्तरनं अक्षर कसं दिखे, तेवढंच.”

समितीचं नाव त्यात नव्हतं, काही करून द्यायची मागणी नव्हती. मी पुढचं पान उघडायला फोल्डरात गेले. दोन फाइलींची नावं जवळजवळ सारखी होती, आणि माझ्या हातून उघडली ती दुसरीच. आबांच्या वडिलांची ओळ पडद्यावर आली आणि जातीच्या रकान्यात, हिंदू आणि कोळीच्या मध्ये, स्वच्छ ‘टो.’ होतं.

आबा खुर्चीतून उठले. वाकले. बोट पडद्याला लावलं आणि त्या अक्षरावरून वरून खाली फिरवलं.

“हाईच,” ते म्हणाले. “आसंच व्हतं.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सुनावणीच्या दिवशी बघायला गेले होते. मी गप्प बसू शकले असते. एक माणूस घरी जाऊन मुलीला सांगू शकला असता, मी पाहिलं, आजही पाहिलं. पण मला धीर नव्हता आणि खोटं आणखी एका माणसाच्या आठवणीत घालायची हिंमतही नव्हती. मी म्हणाले, आबा, हे खरं नाही. हे मी बसवलंय, दुसऱ्या मुलाच्या ओळीतलं उचलून. चुकून उघडलं.

त्यांनी बोट काढून घेतलं. पडद्यावर त्याचा ठसा राहिला. ते सावकाश खाली बसले, पडद्याकडे बघत, मग माझ्याकडे.

“मंग मना बापनं कथा गयं?”

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. आपल्या बापाचं अक्षर कुठे गेलं हे ते खरंच विचारत होते, जसं एखाद्या कचेरीत आपली फाइल कुठल्या टेबलावर गेली ते विचारतात, आणि मी या कामातली होते म्हणजे मला ठाऊक असणारच. खिशातून त्यांनी पेन काढलं, पिशवीतल्या निकालाच्या पाकिटाची मागची बाजू मांडीवर धरली आणि मी पत्ता सांगायची वाट बघत बसले.